गादीखाली गेलेल्या अकरा ओळी

त्या सायंदैनिकाच्या कचेरीत तिला सगळे क्लीनताई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही. दोन्हीकडे सूर सारखाच असे, यातच तिची अर्धी कमाई आली. तिच्या हातून गेलेल्या बातमीत काना-मात्रेची चूक सापडत नसे, आकड्यांच्या बेरजा जुळत, आणि पहिल्या ओळीत चाळिशीचा असलेला माणूस शेवटच्या ओळीत बेचाळीसचा होत नसे. अशा मजकुराला इंग्रजीत क्लीन कॉपी म्हणतात. फार पूर्वी एका संपादकांनी "बाई, तुमची कॉपी म्हणजे एकदम क्लीन" असं म्हटलं आणि ते विशेषण तिला चिकटलं ते चिकटलंच. ते संपादक गेले, त्यांच्यानंतरचे दोघे गेले, टाइपरायटर गेले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा बदललं. क्लीनताई तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसून राहिली.

पदवी घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात ती इथे मुद्रितं तपासायला लागली. शाळेतली बारा इंची स्टीलची पट्टी तिने सोबत आणली होती. एकेका ओळीखाली पट्टी धरायची आणि ती ओळ संपल्याशिवाय खालची बघायची नाही, ही तिची पद्धत. पुढे सगळं काम संगणकावर आलं, ती मुख्य उपसंपादक झाली, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्याला दोरी आली, तरी प्रत्येक पानाची कागदी प्रत काढून ती पट्टी फिरवायची ती फिरवायचीच. पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरं पडली की मग पान खाली छपाईला जायचं. आद्याक्षरं नसलेलं पान छपाईवाला हातात धरत नसे.

पण तिचं पुरतं नाव मात्र तेवीस वर्षांत त्या पेपरात कधी आलं नव्हतं. टेबलावर बसून काम करणाऱ्यांची नावं छापायची नाहीत, हा तिथला शिरस्ता. सासरे गेले तेव्हा "त्यांच्या मागे दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार आहे" अशी बातमी आली होती. त्यातल्या 'सुना'मध्ये ती येऊन गेली, तेवढंच.

घरी ती आणि कॉलेजात जाणारी मुलगी. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. काळजी हा तिचा जोडधंदा होता. रोज सकाळी दहाला ती मुलीला मेसेज करी, "पोचलीस?" मुलीचं "हो" सव्वादहापर्यंत आलं नाही, तर एकच ओळ ती दोनदा वाचू लागे. पानं लावणारा तिचा जुना सहकारी शेजारच्या टेबलावर बसत असे. सगळे त्याला पानवाला म्हणत. संगणकावर काम करत असूनही त्याच्या कानावर कायम पेन्सिल असायची. तो पट्टी अडलेली बघून म्हणायचा, "पोरीने फोन सायलेंटवर ठेवलाय. पुढे सरका."

सायंदैनिकाचं काम सकाळचं. साडेबाराला पहिलं पान सोडायचं, एकला छपाई, तीनला अंक रस्त्यावर. बारा ते साडेबारा या अर्ध्या तासात त्या खोलीत कुणी कुणाशी गोड बोलत नसे.

ज्या सोमवारी ही गोष्ट सुरू झाली, त्या सोमवारी बारा वाजून दहा मिनिटांनी एक गादी आली. म्हणजे गादीची जाहिरात. दोन कॉलम रुंद, वीतभर उंच, आणि गादीवर हसत झोपलेली एक बाई. पानवाल्याने पहिल्या पानावर तिला जागा करून दिली आणि मान न वळवता ओरडला, "ताई, लिफ्टच्या बातमीत अकरा ओळी जास्त होतायत!"

"शेवटचा पॅरा काढ," ती म्हणाली.

पट्टी तेव्हा दुसऱ्या पानावर होती. चार सेकंदांचं काम. त्या खोलीत हे रोज दहा वेळा व्हायचं.

बातमी लिहायची रीतच तशी आहे. महत्त्वाचं वर, त्याहून कमी महत्त्वाचं त्याखाली, आणि अगदी किरकोळ ते तळाला. म्हणजे जागा कमी पडली की डोळे मिटून शेपूट छाटावं, डोकं शाबूत राहतं. वार्ताहरही हे जाणतात आणि टेबलावरचेही. पण ही बातमी चौकशी समितीच्या अहवालावरची होती, आणि वार्ताहराने घाईघाईत अहवालाच्याच क्रमाने लिहून दिली होती. असले कागद उलटे चालतात. आधी चार पानं सगळं कसं ठीकठाक आहे ते सांगतात, आणि खरं काय ते शेवटी 'तथापि'पासून सुरू करतात.

गावातल्या चार मजली कापड दुकानाची लिफ्ट महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावरून खाली आदळली होती. तीन गिऱ्हाइकं जखमी झाली, एकाचा पाय मोडला. लिफ्टमनला दुकानाने त्याच दिवशी घरी बसवलं. पालिकेने तिघांची समिती नेमली. तिच्या अहवालावर क्लीनताईने मथळा दिला: "लिफ्ट अपघात: व्यवस्थापनाला क्लीन चिट". आणि खाली बारीक अक्षरात: "लिफ्टमनच्या हलगर्जीची चौकशी सुरू".

क्लीन चिट हा मथळे देणाऱ्यांचा जीव की प्राण. 'निर्दोष असल्याचा निर्वाळा' लिहायला गेलं तर कॉलमाबाहेर जातं. 'क्लीन चिट' कुठेही बसतं, लहान मुलासारखं, दोन माणसांच्या मध्येसुद्धा.

गुरुवारी दुपारी, पानं सुटल्यावर, ती डबा उघडून बसली होती. दारात एक पन्नाशीचा माणूस उभा राहिला. सदरा इस्त्रीचा, केस चापून बसवलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला पेपर. धाप लागली होती.

"जिन्याने आलात? लिफ्ट आहे की हो."

"आहे ना. बघितली," तो म्हणाला. "दार लागताना आवाज करते. तुमच्या माणसाला सांगा, तेल द्यायला झालंय."

तेवढ्यावरून तिला कळलं हा कोण ते. तिने डब्यावर झाकण ठेवलं.

"इथे हेडिंग कोण देतं?" त्याने विचारलं.

खोलीत आणखी तिघे होते. तिघांनीही संगणकात मान घातली. "मी देते," ती म्हणाली. "हे मीच दिलंय. बसा."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. पेपर पिशवीतून काढून त्याने टेबलावर उलगडला, घडी मोडू नये अशा बेताने.

"बाई, मी भांडायला आलो नाही. मला एक सांगा. मी समितीसमोर गेलो, तेव्हा सगळं सांगितलं. लिफ्ट खाली येताना हिसका देते, बंद ठेवा, असं मी नोंदवहीत तीनदा लिहिलं होतं. तारखा टाकून. त्या समितीतल्या मॅडमनी माझ्यासमोर लिहून घेतलं. मग पेपरात त्यातलं एक अक्षर कसं नाही?"

"अहवाल वाचलात तुम्ही?"

"मागितला. आठ दिवसांनी या म्हणाले. आणि उद्या चारला माझी दुकानात सुनावणी आहे. ठेवायचं की काढायचं, ते ठरणार. मॅनेजरसाहेबांनी हे कात्रण माझ्या फायलीत लावलंय, मी डोळ्यांनी बघितलं." त्याने मथळ्यावर बोट ठेवलं. "मला इंग्रजी फार येत नाही. पण हा क्लीन शब्द आमच्या गल्लीत पोरापोरांना पाठ झालाय. शेजारचा म्हणाला, त्यांना क्लीन चिट, मग घाण कुणाची? हसत म्हणाला. पण म्हणाला."

तिने संगणकात सोमवारची मूळ बातमी उघडली. तळापर्यंत गेली. आणि तिथे त्या अकरा ओळी होत्या, 'तथापि'पासून सुरू झालेल्या. लिफ्टमनच्या म्हणण्याप्रमाणे त्याने नोंदवहीत तीन वेळा इशारा लिहिला होता. ती नोंदवही दुकानाने समितीला दिली नाही. ती मिळेपर्यंत हा अहवाल अंतरिम समजावा आणि अपघाताची जबाबदारी कुणावरही निश्चित करू नये.

तिने पट्टी पडद्याला लावली आणि पुन्हा वाचलं. तेवीस वर्षांत तिच्याकडून चुका झाल्या नव्हत्या असं नाही. एकदा तिने एका जिवंत माणसाला 'दिवंगत' केलं होतं, आणि तो पेढे घेऊन आला होता. पण न वाचता कापणं, हे तिने कधी कबूल केलं नसतं, कारण आपण तसं करतो हे तिलाच ठाऊक नव्हतं.

"तुमचं म्हणणं आलं होतं," ती म्हणाली. "मी कापलं. जागा नव्हती म्हणून. वाचलं नाही आणि कापलं."

बहुधा तो वेगळ्या उत्तराची तयारी करून आला होता.

"ह्याची प्रत काढून देते. उद्या घेऊन जा."

"माझ्या हातातली झेरॉक्स कोण वाचतंय, बाई? त्यांच्या टेबलावर पेपर आहे. पेपर म्हणजे पेपर. आणि गल्लीतल्या किती जणांना दाखवत फिरू?"

"मग पेपरातच येईल," ती म्हणाली. "उद्या. पहिल्या पानावर. तीनला अंक निघतो, तुमची सुनावणी चारला."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की असं वचन द्यायचा आपल्याला काडीचा अधिकार नाही. पण ती ते परत घ्यायलाही तयार नव्हती. प्रत तिने काढून दिलीच. तो जिन्याने उतरून गेला.

संपादक तिच्याहून दहा वर्षांनी लहान होते, एका मोठ्या पेपरातून आलेले. काचेच्या केबिनमध्ये बसत, आणि काचेमुळे सगळ्यांना दिसत. माणूस वाईट नव्हता. पण पेपरची अब्रू ही आपल्या खिशात ठेवायला दिलेली वस्तू आहे, असं ते जपून वागत.

"करू की दुरुस्ती," ते म्हणाले. "शनिवारी पान सातवर खुलाशाची चौकट असते, त्यात दोन ओळी टाका."

"सर, सुनावणी उद्या आहे."

"ताई, पेपर सुनावण्या बघून निघत नाही."

"चूक पहिल्या पानावर झाली."

"चुका सगळ्या पानांवर होतात आणि दुरुस्त्या सातवर. हे तुम्हीच मला इथे आल्या दिवशी शिकवलंत."

ते खरं होतं. तिनेच शिकवलं होतं. "चुकीचं शिकवलं," ती म्हणाली आणि बाहेर आली.

त्या संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही पसरून बसली होती. ती पत्रकारितेचाच अभ्यास करत होती, आईच्या मनाविरुद्ध. क्लीनताईला वाटे, हिने बँकेत जावं, तिथे चूक झाली तर संध्याकाळपर्यंत सापडते.

"आई, निबंध आहे. वृत्तपत्रात रोज वापरलं जाणारं एक इंग्रजी विशेषण घ्या आणि त्याचे अर्थ लिहा. मी तुझंच घेतलंय. क्लीन. सांग पटापट."

"माझं काय त्यात?" असं म्हणत तिने कणिक भिजवता भिजवता सांगायला सुरुवात केली. "क्लीन कॉपी म्हणजे चुका नसलेली. खेळाच्या पानावर क्लीन बोल्ड, क्लीन स्वीप. फोटोग्राफर म्हणतो फोटो क्लीन आलाय, म्हणजे मागे कुणाचं डोकं आलेलं नाही. टीव्हीवाल्यांचं क्लीन फीड, खाली पट्ट्या न पळणारं चित्र. क्लीन पान म्हणजे जाहिरात नसलेलं. ते मी तीनदा पाहिलंय, तिन्ही वेळा संपाच्या दिवशी."

"आणि पुढाऱ्यांची क्लीन इमेज?"

"म्हणजे अजून सापडला नाही."

मुलगी हसत सुटली. "क्लीन एनर्जी?"

"आमच्याकडे तरी ती पुरवणी असते. आधी जाहिराती येतात, मग लेख."

"आणि क्लीन चिट?"

कणकेतला हात थांबला. "मापात बसणारं हेडिंग," ती म्हणाली. आणि मग हात न धुताच तिने सगळं सांगितलं. गादी, अकरा ओळी, प्लॅस्टिकच्या पिशवीतला पेपर.

मुलगी पेन खाली ठेवून ऐकत होती. "मग उद्या काय करणार?"

"पहिल्या पानावर सही करणार नाही. ते छापेपर्यंत."

"आणि काढून टाकलं तर तुला? आई, माझं अजून दीड वर्ष आहे. बाबांना सांगितलंस? तू नीट विचार केलायस ना?"

क्लीनताईला आपलाच आवाज ऐकू आला. हे सगळे प्रश्न तिचे होते. शब्दसुद्धा तिचेच होते. पोरीने कधी उचलले देव जाणे.

"हे बघ, या घरात काळजी करायचं खातं माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तू त्यात हात घालू नकोस. तू निबंध लिही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तो माणूस जिन्याने तीन मजले चढून आला गं. लिफ्टमन असून."

मग तिने हात धुतले, मुलीच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं आणि लिहायला बसली. पाच वेळा खोडलं. सहाव्यांदा ते क्लीन झालं.

शुक्रवारी सकाळी तिने मुलीला मेसेज करायच्या आधीच मुलीचा आला: "पोचलीस?" तिने "हो" लिहिलं आणि पट्टी काढली.

मजकूर तिने पानवाल्याला आठलाच दिला होता. त्याने वाचला, कानावरची पेन्सिल काढून परत लावली आणि विचारलं, "कुठे?"

"होतं तिथेच. वर उजवीकडे. सोमवारी जेवढा मथळा होता तेवढाच मथळा."

"साहेबांनी हो म्हटलंय?"

"नाही."

"बरं," पानवाला म्हणाला आणि पान लावायला लागला. तेवढ्या वर्षांत त्याने एवढे कमी प्रश्न कधी विचारले नव्हते.

बारा वीसला पानाची कागदी प्रत तिच्यासमोर आली. तिने ओळ न् ओळ वाचली, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पेन टेबलावर ठेवलं. प्रत, वहीतला तो कागद आणि वार्ताहराकडून मागून घेतलेला अहवाल घेऊन ती केबिनमध्ये गेली.

संपादकांनी पान बघितलं आणि उभेच राहिले. "हे काय आहे?"

"हे छापलं तर सही करते. नाही छापलं तर नाही करत."

"ताई, मी सही दुसऱ्या कुणाकडून घेऊ शकतो."

"घ्या. मग छपाईवाला फोन करून विचारील, ताई रजेवर आहेत का. त्याला मी सांगीन, रजेवर नाही, इथेच बसलेय. का सही केली नाही तेही सांगीन. त्याच्यामागे यंत्रावर चौघे असतात."

"म्हणजे धमकी देताय?"

"तुम्ही काहीही म्हणा. आधी हे वाचा." तिने अहवालाचं शेवटचं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पट्टी 'तथापि'खाली लावली. "काल तुम्ही वाचलं नव्हतंत. सोमवारी मी वाचलं नव्हतं. आपल्या दोघांपैकी एकाने तरी वाचायला हवं होतं, त्यासाठी पगार घेतो आपण."

त्यांनी वाचलं. बाहेर सगळी खोली काचेतून बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. भिंतीवरचं घड्याळ साडेबाराला टेकलं.

"चूक झाली, मान्य," ते जरा खालच्या सुरात म्हणाले. "पण पहिल्या पानावर आपणच आपली लाज काढायची? उद्या लोक म्हणतील, ह्यांच्या बातम्यांचा भरवसा काय? पेपरची अब्रू आहे, ताई. तुमच्या-माझ्याहून मोठी."

"पेपरची नको असेल तर माझी घ्या. म्हणून तर खाली माझं नाव टाकलंय."

ते तेव्हा त्यांना दिसलं. मजकुराच्या तळाशी, काळ्या अक्षरात, तिचं पुरतं नाव.

"डेस्कवाल्यांची नावं आपण छापत नाही."

"म्हणूनच मला अकरा ओळी न वाचता कापता आल्या, सर. माझं नाव त्याखाली जाणार असतं ना, तर मी गादी आली म्हणून घाबरले नसते."

संपादकांनी मजकूर पुन्हा वाचला. तो असा होता:

"सोमवारच्या अंकात याच जागी आम्ही 'व्यवस्थापनाला क्लीन चिट' असं छापलं. ते खरं नाही. चौकशी समितीने कुणालाही निर्दोष ठरवलेलं नाही आणि कुणालाही दोषी ठरवलेलं नाही. लिफ्ट बंद ठेवावी असं आपण नोंदवहीत तीन वेळा लिहिलं होतं, असं लिफ्टमनने समितीला सांगितलं आहे. ती नोंदवही दुकानाने समितीला दिलेली नाही. ती मिळेपर्यंत जबाबदारी कुणावरही निश्चित करू नये, असं अहवालाच्या शेवटी म्हटलं आहे. तो शेवट बातमीत होता. जागा कमी पडली म्हणून मी तो न वाचता कापला. मथळाही माझाच होता."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'कापला'च्या आधी वर बारीक अक्षरात लिहिलं, 'नजरचुकीने'. "एवढं तरी राहू दे. तुमच्याच भल्यासाठी."

तिने त्यांच्याच पेनाने त्यांच्यासमोर ते खोडलं. "नजर चुकली नव्हती, सर. नजर गेलीच नव्हती."

बारा अडतीस झाले. संपादकांनी काचेवर टिचकी मारून पानवाल्याला आत बोलावलं. "एवढ्या मापाची दुसरी बातमी आहे? पटकन बसेल अशी?"

पानवाल्याकडे तीन होत्या. तेवीस वर्षांत त्याच्याकडे त्या मापाच्या तीन बातम्या नाहीत असा दिवस उगवला नव्हता. "नाही, सर," तो म्हणाला. "आज काहीच नाही."

संपादक खुर्चीत बसले. बराच वेळ पेनचं टोपण उघडत आणि लावत राहिले. "सोमवारी मला लेखी खुलासा हवा," ते शेवटी म्हणाले. "का केलं, कसं केलं, सगळं. तुमच्या फायलीत जाईल तो. पुढचं मालक ठरवतील."

"सोमवारी कशाला?" तिने हातातला कागद पुढे केला. मुलीच्या वहीतलं, एका कडेला फाटलेलं पान. "हाच खुलासा. दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगायला माझ्याकडे नाहीत."

मग तिने पेन पुन्हा मागितलं. स्वतःचं टेबलावर राहिलं होतं. संपादकांच्याच पेनाने तिने डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं घातली. पान अकरा मिनिटं उशिरा खाली गेलं. पानवाल्याने नंतर हिशोब काढला, ओळीमागे एक मिनिट.

तीन वाजता पहिल्या गठ्ठ्यातले दोन अंक काढून ती चालत निघाली. कापड दुकानाच्या मागच्या दाराशी, जिथून माल आत जातो तिथे, तो इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता. तिने अंक दिला. त्याने तो उभ्यानेच वाचला, बोट ओळीखालून सरकवत, अगदी तळापर्यंत. तळाशी बोट थांबलं.

"हे तुमचं नाव?"

"हो."

"आता तुमच्यावर येईल सगळं."

"येऊ दे. माझंच आहे ते." तिने दुसरा अंकही त्याच्या हातात कोंबला. "हा मॅनेजरसाहेबांना द्या. म्हणावं, हेही लावा फायलीत. आणि नोंदवही मागा. सारखी मागत राहा."

साडेपाचला त्याचा फोन आला. त्याला काढलं नव्हतं. मॅनेजरने दोन्ही कात्रणं शेजारीशेजारी ठेवून बघितली, कुणाला तरी फोन लावला आणि नोंदवही सापडेपर्यंत सुनावणी पुढे ढकलली. "सापडेल का हो, बाई?" त्याने विचारलं. तिने खरं ते सांगितलं, माहीत नाही. पण पुढच्या तारखेला आमचा वार्ताहर येईल, म्हणाली, आणि त्याने काय लिहिलं ते मी वाचीन. मग तो म्हणाला, "गल्लीत पाच अंक घेतले पोरांनी. शेजाऱ्याने स्वतः वाचून दाखवलं."

घरी मुलीने पेपर टेबलावर पसरून ठेवला होता. "आई! तेवीस वर्षांनी नाव आलं, ते पण असं! बाबांचा फोन होता, विचारत होते अभिनंदन करायचं की काळजी करायची."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, दोन्ही करा."

पुढच्या आठवड्यात मालकांचं पत्र आलं. समज देण्यात येत आहे, वगैरे वगैरे. त्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या. तिने लाल पेनाने त्या दुरुस्त केल्या, तळाशी पोच म्हणून आद्याक्षरं घातली आणि पत्र परत पाठवलं.

आणि त्याच दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी गादी पुन्हा आली. तीच दोन कॉलम, तीच वीतभर, तीच हसत झोपलेली बाई. पानवाल्याने पहिलं पान उघडलं. पाणीपुरवठ्याची बातमी होती.

"ताई, नऊ ओळी जास्त होतायत!"

"थांब. आधी वाचू दे."

"बारा बारा झाले."

"होऊ दे."

तिने कागदी प्रत पुढे ओढली, पट्टी पहिल्या ओळीखाली लावली आणि वाचायला लागली. काचेपलीकडे संपादक उभे राहिले. तिने वर बघितलं नाही. एकेक ओळ, पट्टी खाली, पुढची ओळ. शेवटच्या नऊ ओळींत कुठल्या तीन वस्त्यांचं पाणी दोन दिवस उकळून प्यावं ते होतं.

"ह्यातलं काही जाणार नाही," ती म्हणाली. "जाहिरातवाल्यांना सांग, गादी उद्या."